मार्गात किरकोळ बदल करणेबाबत

उत्तमराव उलेमाले यांनी बत्तीस वर्षं शाळेत कारकुनी केली, आणि त्या बत्तीस वर्षांत ‘इतर’ हा रकाना नसलेला फॉर्म त्यांच्या हाताखालून गेला नव्हता. म्हणून मेहबूबभाई टेलरच्या नातीने, नमराने, मोबाइलवर वाळवंट सहलीचा फॉर्म उघडला आणि ‘प्रवासाचं कारण’ या प्रश्नाखालचे चार पर्याय वाचून दाखवले, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “आनखी खाली पाह्य बेटा. इतर असंन.”

“नाही ना, नाना. चारच हायेत.”

पहिला पर्याय साहसाचा होता. तो निवडल्याबरोबर फॉर्म म्हणाला, वय साठच्या आत हवं, उत्तमराव त्रेसष्ट. दुसरा फोटोग्राफीचा, तिथे कॅमेऱ्याचा नंबर हवा. तिसरा कंपनीच्या सहलीचा. तिथे जीएसटी क्रमांक हवा. उरला चौथा. नमरा आजोबांकडे बघायला लागली. मेहबूबभाईने शिलाई मशीनवरचा पाय उचलला आणि दोऱ्याचं टोक दाताने तोडत निकाल दिला, “हनिमून टाक. कोन तपासाले येते?”

“खोटी माहिती भरनं गुन्हा असते, मेहबूबभाई.”

“लगीन झालं हाय का नाही तुमचं? प्रयागबाईसोबतच जाऊन राह्यले ना? मंग खोटं कायचं?”

उत्तमरावांनी विचार केला. तांत्रिकदृष्ट्या हरकत घेण्यासारखं काही नव्हतं. लग्नाला अडतीस वर्षं झाली होती आणि लग्नानंतर ते दोघं कुठे गेलेच नव्हते, तेव्हा प्रकरण फार तर प्रलंबित होतं असं म्हणता आलं असतं. नमराने बटण दाबलं. शेवटी अडीअडचणीला कोणाला कळवायचं त्याचा फोन नंबर मागितला होता. मुलगी अंजू अकोल्याला, पण तिला सहलीचा पत्ता लागू द्यायचा नव्हता, तिने जाऊच दिलं नसतं. म्हणून शेजारच्या जगदेवचा नंबर दिला. जगदेव एसटीचा निवृत्त कंडक्टर. पहिली घंटी पुरती वाजायच्या आत फोन उचलणारा मेडशी गावात तो एकटाच. आपण काय करून बसलो हे उत्तमरावांना पुढे वाळवंटात कळलं.

सहलीचं खरं कारण उत्तमरावांनी कोणाला सांगितलं नव्हतं. ते असं होतं. त्यांचा एकुलता एक मुलगा स्वप्निल आयटीआय होऊन जैसलमेरकडे सोलरच्या कामावर गेला होता. दोन वर्षांपूर्वी, मे महिन्यात, कामावर गेल्याच्या एकोणिसाव्या दिवशी कामावरच्या चौघांची गाडी एका सडकेवर उलटली. बाकीचे तिघे वाचले. स्वप्निलला पेटीत घालून मेडशीला आणलं आणि पेटी उघडू नका असं सांगितलं. सोबत हिंदीतल्या पंचनाम्याची प्रत होती. त्यात गावाचं नाव होतं, सडकेचं नाव होतं आणि ‘किलोमीटर पत्थर चौदा के निकट’ असं लिहिलेलं होतं. उत्तमरावांना ती जागा पाहायची होती. पाहून काय करायचं, हे त्यांना विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. ठेकेदाराचा फोन बंद होता, त्या भागात एसटीसारखं काही जात नव्हतं, आणि एकट्याने जाण्याइतकी त्यांची हिंदी नव्हती. मग एकदा नमराच्या मोबाइलवर सहलीच्या जाहिरातीतला नकाशा दिसला. चार रात्री, पाच दिवस, उंट, जीप, तंबू आणि जाणकार मार्गदर्शक. नकाशावरची तुटक रेघ पंचनाम्यातल्या गावापासून बोटभर अंतरावरून जात होती. उत्तमरावांनी बोट ठेवून दोनदा खात्री केली. बोटभर म्हणजे प्रत्यक्षात चाळीस किलोमीटर, हेही पुढे कळायचं होतं.

घरी ते एवढंच म्हणाले, “वाळवंट पाहून येऊ म्हनतो.”

प्रयागबाई मेथी निवडत होती. तिने वर पाहिलं नाही. “कवा?” तिने विचारलं. बस्स. स्वप्निलचं नाव दोघांनीही घेतलं नाही. दोन वर्षं त्या घरात तसंच चाललं होतं.

साठ वर्षांवरच्या प्रवाशाला वैद्यकीय दाखला लागणार होता, उंटावर बसण्यास सक्षम असल्याचा. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात उत्तमराव तीन वेळा गेले. पहिल्या वेळी बाबू म्हणाला, नोकरीचा नमुना आहे, अपंगत्वाचा आहे, उंटाचा नाही. दुसऱ्या वेळी म्हणाला, विषय उंटाचा आहे तर जनावरांच्या दवाखान्यात जा. उत्तमराव स्वतः कारकून, त्यांना त्या उत्तरामागची प्रामाणिक अडचण समजली, आणि ते खरंच जनावरांच्या दवाखान्यात गेले. तिथल्या डॉक्टरांनी त्यांचं बोलणं पूर्ण ऐकून घेतलं आणि उंटाला काही हरकत नसल्याचं लिहून देतो म्हणाले, पण उंट आणावा लागेल. तिसऱ्या वेळी सरकारी दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी त्यांचा रक्तदाब मोजला आणि कोऱ्या कागदावर लिहून दिलं, ‘बसण्यास हरकत नाही.’ कशावर, ते लिहिलं नाही. ते सहलीवाल्यांनी समजून घेतलं.

सल्ले मात्र न मागता आले. जगदेवचं म्हणणं, उंट चावतो, आणि चावला की सोडत नाही. खिशात कांदा ठेवायचा, त्याने उन्हाची लूही लागत नाही. लू लागायला महिना माघाचा होता, पण कंडक्टरकीच्या काळात जगदेव एकदा बुऱ्हाणपुरापर्यंत गेलेला असल्यामुळे परराज्याबाबत त्याचा शब्द शेवटचा मानला जाई. मेहबूबभाईने अनुभवाचा आव न आणता थेट कापड मोजलं आणि उत्तमरावांना मागच्या बाजूने दुहेरी कापूस भरलेली पँट शिवून दिली. ती घालून बसलं की छान वाटे. उभं राहिलं की मेडशीतली पोरं शाळेत जायची थांबत. कोणी म्हणालं, जायचंच तर पोहरादेवीला जा, देवदर्शन तरी होईल. प्रयागबाईचे भाऊ केनवडहून येऊन तासभर बसले, चहा प्याले आणि काही न बोलता गेले.

समोरच्या घरातली कस्तुराबाई मात्र बोलली. उत्तमराव मळ्यातून वांग्याची पाटी घेऊन येत होते. ती ओट्यावरून दुसऱ्या बाईला म्हणाली, पण आवाज उत्तमरावांना पुरेल असा, “जिथं पोरगं गेलं, तिथंच मजा माराले जाऊन राह्यले, बापा. काय एकेकाचं काळीज असते.”

उत्तमरावांच्या जिभेवर उत्तर आलं होतं. पण उत्तर दिलं असतं तर ते सगळ्या गल्लीत गेलं असतं, गल्ली रडायला घरात आली असती, आणि प्रयागबाईला मधे बसवून पुन्हा सगळं पहिल्यापासून झालं असतं. ते पाटी घेऊन घरात गेले आणि वांगी उगाच दोनदा धुतली.

मळ्याचं पाणी जगदेववर सोपवून ते दोघं निघाले. अकोल्याहून गाडी, पुढे गाडी बदलून दुसरी गाडी, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी जैसलमेर. प्रयागबाईने सोबत दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि तुरीच्या डाळीची छोटी पिशवी घेतली होती. डाळ कायले, असं उत्तमरावांनी विचारलं. “लोकाच्या गावात डाळ कशी भेटते, काय माईत,” ती म्हणाली.

त्यांचा मार्गदर्शक लूणाराम चाळिशीचा, उंच, उन्हाने करपलेला माणूस होता. त्याच्या हातात प्रवाशांची यादी होती. सोबत इंदूरचे जैन पतिपत्नी होते, आणि बंगळूरहून आलेले चार संगणकवाले तरुण होते, जे आपसातही इंग्रजीतच बोलत. लूणारामने यादी वाचली, उत्तमरावांकडे पाहिलं, परत यादी पाहिली, आणि त्या माणसाचं खानदानीपण असं की एक शब्द बोलला नाही.

पण छावणीवरच्या लोकांना यादी आधीच पोचली होती. संध्याकाळी जीप वाळूच्या टेकड्यांजवळ थांबली तेव्हा ओळीत पाच तंबू होते आणि त्यांतल्या एकावर झेंडूच्या माळा होत्या. आत पलंगावर गुलाबाच्या पाकळ्यांचा बदाम काढला होता, आणि दोन टॉवेलांचे दोन बगळे करून त्यांच्या चोची एकमेकांना टेकवल्या होत्या. उत्तमराव दारातच थांबले. प्रयागबाई आत गेली. तिने दोन्ही बगळे उलगडले, घड्या घातल्या आणि टॉवेल उशाशी ठेवले. पाकळ्या गोळा करून ओच्यात घेतल्या आणि म्हणाली, “फुलं नासवू नये. सकाळी कोन्या देवाले वाहू.”

यावर भागलं असतं. पण शेकोटीजवळ नाचगाणं सुरू झाल्यावर एक केक आला. त्यावर लाल अक्षरांत दोघांची नावं होती. मागे कापडी फलक धरला गेला. उत्तमरावांच्या डोक्यावर कोणीतरी हातभर उंचीचं केशरी पागोटं चढवलं, संगणकवाल्यांनी टाळ्या धरल्या आणि नाचणाऱ्या बाईने त्यांचा हात धरून त्यांना मधे ओढलं. अंगात कापसाची पँट होती. नकार द्यायला तोंड उघडावं तर काय कारण सांगायचं, हा मूळ फॉर्मातलाच प्रश्न पुन्हा समोर उभा. त्यांनी दोन पावलं टाकली. लोक त्याला नाच समजले.

ते परत येऊन बसले तेव्हा त्यांचे कान तापले होते. केक तसाच होता. प्रयागबाईने विचारलं, “अंडं हाय काय त्याच्यात?” नाही, असं लूणारामने सांगितलं. मग ती नवऱ्याला हळूच म्हणाली, “कापा. त्यायनं मेहनत केली.”

त्यांनी कापला.

सहलीवाले रोजचे फोटो प्रवाशांच्या घरी, दिलेल्या नंबरावर पाठवत असत. ही सोय होती, जाहिरातीत लिहिलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता जगदेवचा फोन आला. “उत्तमराव, अभिनंदन,” तो म्हणाला. पुढे म्हणाला, फोटो फार साजरा आला आहे, सगळ्यांना दाखवला, ग्रुपवर पण टाकला. उत्तमरावांनी विचारलं, कोणत्या ग्रुपवर. जगदेवने तीन नावं सांगितली. त्यांतला एक ग्रुप त्यांच्या जुन्या शाळेचा होता.

“कस्तुराबाईनं पाह्यला काय?”

“तिनंच तर पह्यले पाह्यला.”

उत्तमराव फोन ठेवून वाळूवर बसून राहिले. निवृत्तीच्या दिवशी मुख्याध्यापकांनी भाषणात त्यांना ‘गंभीर वृत्तीचे’ म्हटलं होतं. बत्तीस वर्षांच्या नोकरीतून मिळालेलं ते एकच विशेषण, आणि तेही गेलं. पण खरं सांगायचं तर त्यांना विशेषणाचं वाईट वाटत नव्हतं. त्या फोटोत ते हसत होते. पागोटं डोळ्यांवर येत होतं म्हणून तोंड तसं झालं होतं, पण फोटोत ते हसणंच दिसणार. मुलाच्या मरणाच्या जागेकडे निघालेला बाप हसतो आहे, आणि ते कागदोपत्री नोंदलं गेलं आहे.

त्या दिवशी उंटांवरून प्रवास होता. मेहबूबभाईच्या पँटने आपलं काम चोख केलं. दुपारी एका विहिरीपाशी सगळे उतरले. उत्तमराव खाली उतरले आणि पँटमधला एका बाजूला सरकलेला कापूस जागेवर आणण्यासाठी आडोसा म्हणून उंटाच्याच तोंडाशी उभे राहिले. उंट बसलेला होता. त्याने मान लांब केली आणि त्यांच्या सदऱ्याचा वरचा खिसा शांतपणे, मुळापासून, ओढून घेतला. खिशात जगदेवचा कांदा होता. कांद्याच्या मागे, चार घड्या घातलेला, पंचनामा होता.

लूणाराम धावला. त्याने उंटाच्या जबड्यात कोपरापर्यंत हात घातला आणि बाहेर काढला तेव्हा हातात कांद्याचं साल होतं. उंट रवंथ करत दूर बघत होता. संगणकवाले हसले, कारण पाहणाऱ्याला ते हसण्यासारखंच होतं. जैनबाई म्हणाल्या, “कोई बात नहीं अंकल, कमीज़ सिल जाएगी.”

उत्तमरावांनी फाटलेल्या खिशाच्या जागी हात ठेवला. ज्या माणसाने आयुष्यभर प्रत्येक कागदाच्या दोन प्रती काढून फाइलला लावल्या, त्याने हा एक कागद दुकानात नेऊन कोणाच्या हातात द्यायला लागू नये म्हणून त्याची प्रत काढली नव्हती. आणि तो पूर्ण असा त्यांनी एकदाच वाचला होता. पुन्हा वाचायची हिंमत झाली नव्हती. नकाशाशी ताडून पाहिलेलं गावाचं नावही आता ‘ख’च्या पुढे आठवत नव्हतं. नकाशातली किती गावं ‘ख’ने सुरू होतात, ते त्यांनी पाहिलं होतं.

प्रयागबाई विहिरीच्या कठड्यावर बसली होती. ते तिच्याजवळ जाऊन बसले.

“त्या खिशात एक कागद होता,” ते म्हणाले.

“हो.”

“थो कागद...”

“खारोड्याची ढानी,” प्रयागबाई म्हणाली. समोरच्या वाळूकडे बघत, शाळेतल्या मुलीने पाढा म्हणावा तशी ती म्हणत गेली. “खारोड्याच्या ढानीवरून उगवतीकडं जानारी डांबरी सडक. किलोमीटर पत्थर चौदा के निकट. सडकेच्या डाव्या अंगाले खेजडीचं एक झाड. गाडी पलटी होऊन तोंड दक्षिनेकडं.”

उत्तमराव तिच्याकडे बघत राहिले. प्रयागबाई तिसरीपर्यंत शिकलेली, हिंदी तिला येत नव्हती.

“नमराकडून वाचून घेतला,” ती म्हणाली. “तुमी मळ्यात गेले का मी कागद घेऊन तिच्याकडं जाओ. एका दिवसात नाही झाला पाठ. आठेक दिवस लागले.”

“मले काहून नाही सांगतलं?”

“तुमी तरी कुठं सांगतलं मले? वाळवंट पाहून येऊ म्हने.”

गावाचं नाव मिळालं, पण लूणारामला विचारल्यावर त्याने मान हलवली. ती ढाणी, म्हणजे वस्ती, चाळीस किलोमीटर आडवाटेला. कंपनीचा मार्ग ठरलेला, जीपवर यंत्र बसवलेलं, मार्ग सोडला तर वरून विचारणा होते. आणि बाबूजी, वहाँ देखने का कुछ भी नहीं, तो म्हणाला.

मुक्कामावर पोचल्यावर उत्तमराव तंबूत गेले. आता काय करायचं असा प्रश्न आयुष्यात पडला की त्यांनी एकच गोष्ट केलेली होती. त्यांनी पिशवीतून दुरेघी वही काढली, पानाला समास आखला, उजव्या कोपऱ्यात तारीख घातली आणि अर्ज लिहिला. हिंदी येत नव्हती तिथे मराठी शब्दाला ‘है’ लावलं. सूर्य कलता असताना शेकोटीसाठी लाकडं रचणाऱ्या लूणारामच्या हातात त्यांनी तो दिला आणि पोच मागितली. लूणारामला यादीपुरतं वाचता येई, एवढं लांब लिखाण नाही. त्याने कागद जैनबाईंकडे दिला आणि म्हणाला, “ज़ोर से पढ़ दो, बाईसा.” जैनबाईंना वाटलं, खिशाची तक्रार असेल. त्या हसतच वाचायला लागल्या.

“प्रति, मान्यवर मार्गदर्शक महोदय. विषय, मार्ग में किरकोळ बदल करने बाबत. महोदय, उपरोक्त विषय में अर्जदार विनंती करता है कि कल का मार्ग खारोडा की ढाणी से लिया जाए. कारण, सदर मार्ग पर अर्जदार का मुलगा नामे स्वप्निल, वय चोबीस, दो वर्ष पूर्व गाडी पलटी होकर मयत हुआ है. अर्जदार और अर्जदार की पत्नी ने सदर जागा अद्याप देखी नहीं है...”

जैनबाईंचा आवाज इथे थांबला. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. मग पुढचं त्यांनी हळू वाचलं. “सदर सहल में अर्जदार हनिमून के कारण से सामील हुआ, यह माहिती खोटी है. फॉर्म में इतर का रकाना नहीं था. इस बाबत अर्जदार दिलगीर है. सह-प्रवासियों का समय वाया जाएगा, उस बाबत भी दिलगीर है. आपका विश्वासू.”

शेकोटी अजून पेटवली नव्हती. संगणकवाल्यांतला एक, ज्याने काल सर्वांत मोठ्याने टाळ्या वाजवल्या होत्या, तो उठला आणि मोबाइल खिशात ठेवून दूर जाऊन उभा राहिला. उत्तमराव उभेच होते, साहेबांच्या टेबलासमोर उभं राहावं तसे, हात पुढे बांधून.

लूणारामने कागद परत घेतला, घडी घालून पागोट्यात खोचला. “अर्ज़ी काहे लिखी, बाबूजी,” तो म्हणाला. “बोल देते.”

“बोलता नहीं आता था,” उत्तमराव म्हणाले.

पहाटे निघाले. उंट मागे ठेवले, सगळे एकाच जीपमध्ये दाटीने बसले. कोणी गाणी लावली नाहीत. जैनबाईंनी प्रयागबाईचा हात हातात घेऊन ठेवला होता. प्रयागबाईला ते अवघड वाटत असावं, पण तिने हात काढला नाही. दोन तासांनी ढाणी आली, आठ-दहा घरं. ती मागे टाकून जीप उगवतीच्या सडकेला लागली आणि दोन्ही बाजूंना तारेचं कुंपण सुरू झालं. कुंपणाच्या आत नजर जाईपर्यंत सोलरचे काळे पत्रे, ओळीने, सगळे एकाच बाजूला माना वळवलेले. माणूस एकही नाही.

चौदा नंबरचा दगड सापडला. उत्तमराव उतरले. खेजडीचं झाड नव्हतं. डाव्या बाजूलाही पत्रेच होते. तेवढ्यात कुंपणाच्या आतून शिट्टी वाजवत पहारेकरी आला, फोटो मना है, म्हणाला. लूणाराम त्याच्याशी त्यांच्या भाषेत बराच वेळ बोलला. पहारेकऱ्याने टोपी काढली आणि हाताने मागच्या दिशेला दाखवलं.

लूणाराम परत आला तो खाली बघत. गेल्या वर्षी काम वाढलं तेव्हा झाडं काढली. सडक पलीकडून नव्या फाट्याला जोडली आणि दगडांचे नंबर नव्याने घातले. हा चौदा नवा आहे. जुना चौदा मागे होता, दोन-सव्वादोन किलोमीटरवर, पण जुने दगड काही उपटले, काही तसेच आहेत. मागे एक आहे, त्यावर चौदा पुसट दिसतो. पण तोही मधे एकदा हलवला होता, असं पहारेकरी म्हणतो. नक्की कोणालाच सांगता येणार नाही.

उत्तमराव त्या दगडाजवळ उकिडवे बसले. पिवळा रंग ताजा होता. चौदाचा आकडा सुबक काढलेला होता. कारकुनाच्या नजरेला त्यात चूक नव्हती. त्यांनी त्यावर हात ठेवला आणि लगेच काढला, कारण हा दगड दुसऱ्याच कोणाचा होता. एवढ्या लांब आलो, खोटी माहिती भरली, गावाने हसून घेतलं, आणि जागेचा नंबर बदललेला. आता तक्रार तरी कोणत्या टेबलावर करायची. त्यांचा चेहरा वेडावाकडा झाला. दोन वर्षांत ते कोणासमोर रडले नव्हते, आणि आता रडले ते या परक्या दगडासमोर.

प्रयागबाई बाजूला उभी होती. तिने त्यांना रडू दिलं. मग म्हणाली, “मागचा दगड किती दूर हाय म्हने?”

“दोन-सव्वादोन किलोमीटर.”

“मंग उठा. पायी जाऊ. इथून तिथलोक कुठंतरी तर असंनच ना. सगळ्या जाग्यावरून पाय गेला म्हंजे झालं.”

ते दोघं सडकेवरून चालायला लागले. ऊन अजून कोवळं होतं. मागून जीप माणसाच्या चालीने येत होती, मग तीही थांबली आणि लूणारामसकट सगळे उतरून अंतर ठेवून चालू लागले. सडकेवर वाळू आली होती, तिच्यावर पावलं उमटत होती.

थोडं चालल्यावर उत्तमराव म्हणाले, “त्यानं मले फोन केला होता.”

तिने चाल जराशी हळू केली.

“जायच्या चार दिवस आंधी. म्हने, बाबा, इथं मन नाही लागत. गरम लय होते. वापस येऊ काय? मी म्हटलं, महिनाभर तरी काढ. आल्या पावली वापस येशीन तं लोकं हासतीन. मी सर्वाइले सांगून बसलो होतो ना, का पोरगा सोलरमदे हाय.” ते थांबले नाहीत, चालतच बोलत होते, थांबलं असतं तर बोलणं पुरं झालं नसतं. “मी ये म्हटलं असतं तं थो आला असता. मी नाही म्हटलं.”

प्रयागबाईने डोक्यावरचा पदर सारखा केला. “मले तुमच्या आंधी आला होता फोन,” ती म्हणाली.

उत्तमरावांनी तिच्याकडे पाहिलं.

“मलेबी हेच म्हने, येऊ काय. मी म्हटलं, बाबाले इचार.” ती सडकेकडे बघत होती. “मले माईत होतं तुमी काय म्हनसान ते. त्याच्यासाठीच तुमच्याकडं धाडलं. केनवडच्या पाहुन्याइनं त्याच्यासाठी एक पोरगी सांगतली होती. नोकरी सोडून आला तं देतीन काय, असं माह्या मनात. पर आपल्या तोंडानं कशी म्हनू नोको येऊ? तुमच्या तोंडून वदवलं.”

उत्तमरावांना काही बोलायचं होतं. तुझी चूक नाही असं म्हणायचं होतं, पण तसं म्हटलं तर मग आपलीही नाही असं होतं, आणि ते त्यांना अजून मान्य नव्हतं. त्यांनी तिच्या हातातली पिशवी घेतली. एवढंच केलं. तिने दिली.

जुना दगड आला. रंग उडालेला, एका बाजूला कललेला, चौदातला एक जेमतेम दिसणारा. उत्तमराव थांबले. मागे लोकही थांबले. इथे अंतर संपत होतं. प्रयागबाईने दगडाकडे पाहिलं, वाकून त्याच्या बुडाशी जमलेली वाळू हाताने जराशी सारली, आणि उठून पुढे चालायला लागली.

“अवं, झाला ना दगड,” उत्तमराव म्हणाले.

“सरकारी दगड,” ती न थांबता म्हणाली. “हलवला होता म्हनते ना थो मानूस. पुढं-मागं असंन.”

बत्तीस वर्षं नंबराप्रमाणे चाललेल्या उत्तमरावांनी यावर हरकत घेतली नाही. त्यांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि ते तिच्या मागे गेले. दगडाच्या पलीकडे आणखी शंभर पावलं, मग आणखी शंभर.